थांबणं हेही काम

हामरफेस्टच्या वाचनालयात, तळमजल्यावर,
दर मंगळवारी सहा ते आठ मी बसतो.
नोव्हेंबर संपत आला की इथे सूर्य रजेवर जातो,
बंदरावरचे दिवे मग विझतच नाहीत,
आणि मुलं दाराशी बूट काढून
लोकरी मोज्यांचे ओले ठसे उमटवत आत येतात.

भिंतीवर गुनवोरने नियम डकवलेत.
तिचं अक्षर आधीच करकरीत, त्यात लाल शाई.
उत्तर सांगायचं नाही.
मुलाच्या हातची पेन्सिल घ्यायची नाही.
प्रश्न विचारलात तर थांबा; थांबणं हेही काम आहे.
फक्त शाळेचा अभ्यास.
आठला दिवे बंद, मग गणित
हातच्या एकाला धरून लोंबकळत राहिलं तरी.

मी चाळीस वर्षं मासेमारी बोटींवर इंजिनं सांभाळली.
तिथे कोण थांबतो?
उमेदवाराचा पाना अडखळला की हिसकावून घ्यायचो,
‘बघ, असं,’ म्हणायचो,
आणि त्याला दिसायची फक्त माझी पाठ.
त्यातला एक, ट्रुल्स, अजून फोन करतो.
पन्नाशीचा झाला,
विचारतो, आधी कुठला व्हॉल्व्ह?
आणि मी सांगतो.

लुवाम अकरा वर्षांची.
अस्मारा आठवत नाही म्हणते; मी विचारलं नव्हतं.
अपूर्णांकांशी तिचं वाकडं.
तीन अष्टमांश अधिक एक चतुर्थांश:
ती वरचे वर मिळवते, खालचे खाली,
चार बारांश लिहिते आणि माझ्याकडे बघते.
माझ्या तोंडात उत्तर, गरम बटाट्यासारखं.
‘एक तृतीयांश झाला की हा,’ मी म्हणतो,
‘तीन अष्टमांशाहूनही लहान.
मिळवलंस ना? मग कमी कसं झालं?’
आणि हात मांडीखाली दाबून बसतो.
हीटरची कुरकुर. बाहेर बर्फ खरवडणारी गाडी.
सात मिनिटं.
मग ती खोडरबर उचलते,
आणि माझ्या छातीत कुठेतरी
बंद पडलेला पंप धाडकन सुरू होतो.

त्या मंगळवारी वहीत घडी घातलेला कागद निघाला.
सरकारी. वर मुकुट घातलेला सिंह.
‘आईला कळत नाही,’ ती म्हणाली, ‘मलाही अर्धंच.’
‘हा अभ्यास नाही गं.’
‘आमच्या बाईंनी सांगितलंय, रोज एक पान वाचायचं.
कुठलंही.’

मी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला.
एक नजर कागदाच्या तळाशी जाऊन आलीसुद्धा.
‘वाच,’ म्हटलं. ‘मोठ्यानं नको.’

ती बोट ठेवून वाचत गेली.
अडली की मी विचारायचो,
हा लांबलचक शब्द तोड बघू, यात किती शब्द बसलेत?
‘मुदत’पाशी ती थांबली.
‘पुस्तक परत करायची असते तशी?’
‘तशीच.’
‘मग उलटली तर दंड किती?’

मला ठाऊक होतं.
उत्तर सांगायचं नाही, लाल शाईत, भिंतीवर.
इतके महिने जो नियम बुटातल्या खड्यासारखा टोचला
त्याच्याच आड लपलो,
मी, सत्तरीचा धटिंगण.

ती वाट बघत राहिली.
हे काम तिला माझ्याहून बरं जमतं.

आठ वाजून गेले होते.
गुनवोर दिवे बंद करायला आली नाही,
ती कुंड्यांना पाणी घालत होती,
प्लॅस्टिकच्या फुलांनासुद्धा.

‘दंड नसतो,’ मी म्हणालो. ‘दुसरं काहीतरी असतं.
उद्या नऊला मी तुमच्या दाराशी येतो.
कचेरीत आपण तिघं जाऊ. विचारायचं तू.
मी शेजारी उभा राहीन.’

तिने पेन्सिल पुढे केली.
‘पत्ता लिहून घ्या.’
मी घेतली. टोक बोथट होतं, लाकूड चावलेलं,
आणि अजून कोमट.

जाताना नोंदवहीत लिहिलं:
लुवाम. विषय, वाचन.
वेळ, आठ वाजेपर्यंत.

यातलं शेवटचं तेवढं खोटं आहे.