लहान अक्षरं

टॉडमॉर्डनच्या मागच्या अंगणात
दिव्यावर येणारे पतंग टिपतो मी, मार्चपासून.
दोनशे बारा फोटो. आता त्यांना घर हवं.

विंडोज महिन्याला दोन पौंडांनी महाग,
पण कॅपिटल-स्मॉल सगळं चालवून घेतं,
मावशीसारखं.
लिनक्स स्वस्त. पण काटेकोर:
नावातलं एक अक्षर मोठं झालं
की म्हणतं, असा कुणी इथं राहत नाही.

शेजारची ग्लेनिस म्हणाली, घे स्वस्तातलं,
नावं मी तपासते.

चहा गार झाला. दोघं बसलो
एकेकाला लहान करत.
ज्या लिपीत मी पहिलं नाव गिरवलं
तिच्यात हा भेदच नव्हता,
हे तिला सांगायचं राहूनच गेलं.

एकशे चाळिसाव्या नावावर
एक खराच पतंग पडद्यावर येऊन बसला
आणि उठेना.