गंजी कुठंय तुमची

चूल कुठं मांडायची ते मी नंतर विचारते.
आधी विचारते,
कडब्याची गंजी कुठंय तुमची?
माघात वारं कोणीकडून येतं?

प्रयागबाई हसते.
"चूल मांडायला आलीस का सोयरीक बघायला?"

मी थैली उघडते.
ओळंबा, पत्र्याचा साचा, हातभर तार
आणि जाळी, बोट जाणार नाही एवढ्या भोकाची.
साचा सेनगावच्या शिबिरात मिळाला होता,
दहा दिवसांचं शिक्षण, दोन वेळचं वरण-भात.
जाळी मी पदरच्या पैशानं घेते.

काळी माती नको बाई, ती जाळानं भेगाळते.
पांढरी आण. भुसा कालव, शेण घाल,
रातभर मुरू दे.
दार सोडून, झरोक्याच्या अंगाला मांडू.
आणि ती गॅसची टाकी,
जिच्यावर तू पिठाचा डबा ठेवलास,
रिकामी असली तरी उचल इथून.

माळवदाला भोक पाडायचं म्हटल्यावर
केरबा खाटेवरून उठला.
"काहून? पावसाळ्यात गळलं म्हणजे?"
गळलं तर भांडं ठेवता येतं, दाजी.
पेटलं तर काय ठेवाल?
तो पुन्हा खाटेवर बसला,
मग आपणच पहार घेऊन वर गेला.

सागाचं सर टाळलं, किलच्या मागं कापल्या,
वीतभर जागा सोडून पाइप वर काढला,
भोवती विटांचे तुकडे न् गारा.
लाकडाला पाइप कुठं टेकलाय का,
हात फिरवून बघितलं.
खाली उतरले, परत चढले, परत बघितलं.
माळवदाच्या वर दोन हात पाइप.
वर टोपी.
टोपीखाली जाळी.

आठ दिवस वाळू दिली. मग पेटवली.
तुराट्या आधी, पऱ्हाटी मागून, दोन-दोनच;
तोंड गच्च भरलंस तर धूर तुझ्याकडंच येणार.
रॉकेल नाही. बियाण्याची पिशवी नाही.
पदर खोच. ह्या पोराला इथं रांगू देऊ नको,
पाइप खालून तापतो, दिसत नाही.
राख उकिरड्यावर नेताना आधी पाणी शिंपड.
रात्री इस्तू झाकलास तरी झरोका उघडा राहू दे.
आणि दर अमावस्येला
पाइप ठोकून काजळी काढायची, जाळीसुद्धा.

"अमावस्येला? का बरं?"
तारीख विसरशील, म्हणून.

पहिली भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली,
"वर जाऊन बघ की, निघतो का धूर."
मी वरच बसले होते.
धूर निघत होता, पातळ,
आणि मी त्यातल्या ठिणग्या मोजत होते.
एकही नव्हती.
तरी दिवस मावळेपर्यंत मोजत होते.

केवळाच्या घरी मांडली ती माझी पहिली चूल.
सुंदर झाली होती. गेरूनं वेल काढला होता मी तिच्यावर.
टोपी बसवली. जाळी राहून गेली;
उद्या आणू म्हणाले, बाजाराचा दिवस नव्हता.
तिसऱ्या रात्री वारं सुटलं.
चारशे पेंढ्या. एक कालवड.
गाव हंडे घेऊन पळालं, त्यात मीही होते.
कुणी मला एक शब्द बोललं नाही.
बोलले असते तर बरं झालं असतं.

परतीच्या वाटेवर तिचं घर लागतं.
तिथं आता तीन दगडच आहेत.
मी उंबऱ्यात थैली ठेवली. म्हणाले,
केवळा, ह्या वेळी जाळी आणलीय.
ती फुंकणी घेऊन वाकली होती,
मान वर न करता म्हणाली,
"बस. चहा ठेवते."

खोली धुरानं भरली.
दोघी खोकत राहिलो.