चौदावा आठवडा, सतरा

संकेश्वरच्या बाहेर, हायवेला लागून
दस्तगीरमामूचं दुकान.
पाटीवर टायर कन्नडात, टायर मराठीत,
आणि खाली खडूनं: उधारीला नाळे बा.

आप्पा गेल्यापासून घरगाडी उभीच होती,
कडब्याच्या गंजीशेजारी, सहा जत्रा.
पाळणा गंजला, पण चाकं बघा मामू, मी म्हणालो
(आमच्याकडं बायकाही गेलो, आलोच म्हणतात),
नक्षी कोरी आहे. रुपया घाला, अर्धा बुडतोय.

मामूनं रुपया घेतलाच नाही.
उकिडवं बसून ओल्या फडक्यानं कड पुसली,
अंगठा दाबला.
केसाएवढ्या भेगा उघडल्या,
थंडीत टाचेला पडतात तशा.
मग रबरातले चार आकडे: १४१७.
"चौदावा आठवडा, सतरा साल.
पळून झिजतंय ते दिसतंय ग.
उभं राहून मरतंय ते दिसत नाही."

चौदावा आठवडा. बोटं मोजली.
एप्रिल लागला होता.
आप्पा तेव्हा पाळण्याच्या वरच्या डब्यात
ग्रीसचा डबा घेऊन चढत होता.

"गाडी काट्यावर ने. भरलेली ने, रिकामी नको."
कारखान्यात उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत आम्ही:
पाण्याचं पिंप, पिठाचे डबे, पाळण्याची मोटर,
आणि आई, उतरायला तयार नाही.
"माझं काय मेलं वजन."
काटेवाल्या इराप्पानं चिठ्ठी फाडली,
एक हजार नऊशे चाळीस.

मामूनं चिठ्ठी दोनदा वाचली.
एका चाकाला नऊशे सत्तर.
फळीवरून काढलेली दोन टायरं परत ठेवली,
मोटारीची होती, स्वस्त, आठशेला दमणारी.
आतून दुसरी आणली, अकराशे पेलणारी.
"वर थोडं शिल्लक ठेवावं.
खड्डा काय वजन विचारून येतो?
आणि दोन्ही बदल. एक म्हातारं, एक पोरगं,
असं जोत चालत नाही."

पोऱ्या मल्लेश विचारत होता, गाळी?
मला ऐकू आलं गाली.
कन्नडात गाली म्हणजे चाक, गाळी म्हणजे हवा.
जीभ जरा वळली की चाकाची हवा होते.
इथं जन्म काढला तरी मी अजून चुकतो.

दगड दुसऱ्या चाकाला, पुढून आणि मागून.
नट सैल करायचे ते चाक भुईवर असताना.
जॅकखाली जाड फळी, काळी माती लोखंड गिळते.
"आणि आत कुणी नको."

आई उतरेना.
मामू काही बोलले नाहीत. चहा मागवला.
तिचा कप त्यांनी बाहेर, स्टुलावर ठेवला.
साय धरली, तेव्हा दार उघडलं.
हातात आप्पाचा ग्रीसचा डबा.
"नटाला लावा की थोडं."
"तिथं नाही, वैनी. नट कोरडाच बसावा."
डबा मांडीवर घेऊन ती रस्त्याकडं तोंड करून बसली.

नट समोरासमोर आवळले, चांदणी काढतात तसे.
जॅक उतरला. गाडी नव्या पायांवर
एकदा हलली, मग गप्प.
जुन्या टायरांच्या कडेत मामूनं सुरी घातली,
दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडू नयेत म्हणून.
आईनं तेवढं बघितलं नाही.

"वैनी, जाताना पुढं जीपमधे बसा.
ओढत्या गाडीत माणूस नसतं बसवायचं."
"त्यांच्या वेळी मी आतच बसायची."
"त्यांच्या वेळी मी नव्हतो."

सौंदत्तीची वाट. भारत पुनवेला चार दिवस.
मामूनं सांगितलेले पन्नास किलोमीटर
गोकाकजवळ भरले.
कडेला घेतली, पाना लावला.
चार नट हलले नाहीत.
पाचवा पाव फेरा फिरला.

जीपच्या खिडकीतून आई: "काय ग?"
"पाव फेरा," म्हणालो. "बसला."