बॅटरी घरात निजते

उलानबातरच्या उत्तरेला, टेकडीवरच्या वस्तीत
रात्री नऊला लुवसान टॅक्सी लावतो,
डिकी उघडतो, दहा नंबरचा पाना काढतो.
आधी ऋण, मग धन.
ऋण सुटल्याशिवाय धनाला हात लावायचा नाही.
सकाळी जोडताना उलट:
धन पहिलं, ऋण सगळ्यांत शेवटी.
बोटं बधिर झाली तरी हा क्रम चुकत नाही.
उणे चौतीस.

बॅटरी तशी छोटीच,
पण कुशीत सरळ धरून न्यावी लागते, आडवी चालत नाही.
गोल तंबूच्या दारात बायको म्हणते,
आलं का तुमचं दुसरं पोर?
चुलीपासून चार हात लांब, नमद्याच्या तुकड्यावर
ती रात्रभर निजते.
सहा वर्षांची सोलोंगो तिच्यावर रुमाल पांघरते
आणि खोकते.

रविवारी टोकांवरची हिरवट बुरशी
कोमट सोड्याच्या पाण्यानं, जुन्या टूथब्रशनं.
मग कोरडं फडकं, मग व्हॅसलिनचं एक बोट.
मागच्या सीटशेजारची जाळी उघडली
तर मेंढीची लोकर, सूर्यफुलाची टरफलं,
कुण्या प्रवाशाच्या बाळाचा एक मोजा.
मोठी बॅटरी एवढ्यातूनच श्वास घेते.
मोजा त्यानं आरशाला अडकवून ठेवलाय,
कुणी मागितला तर.

पिवळा दिवा लागला तेव्हा ओचिर गाडीखाली गेला
आणि खालूनच बोलला:
हे पोळं काढून देतो तुला. अस्सल जपानी,
आतल्या धातूला भाव आहे,
दोन महिन्यांचा कोळसा सुटेल.
जागी नुसता पाइप. सेन्सरला गंडवायचं माझ्याकडे लागलं.
धूर तसाही कुणाला दिसतोय या गावात?

लुवसानने खाली पाहिलं.
खरंच, शहर नव्हतंच तिथं.
हजार धुराडी, त्यातलं एक त्याचं,
बॅटरीला रात्रभर ऊब देणारं.
गाडीच्या शेपटीत नळी घालून मोजतात,
कागदावर शिक्का मारतात.
चुलीला कोण नळी घालणार?

नको, तो म्हणाला.
का, ते त्याला धड सांगता येईना.
व्हॉल्व्ह तेवढा साफ कर.
ओचिरने खांदे उडवले. व्हॉल्व्ह निघाला
तव्याच्या बुडासारखा काळा.
दोघांनी तासभर खरवडला, मधे एकदा चहा.
दिवा विझला.
गुरुवारी परत लागला.
दुसरा सेन्सर असेल, ओचिर फोनवर म्हणाला,
जुना मिळतो का बघतो.

सकाळी सहाला अंधारात सोलोंगो टॉर्च धरते.
मास्कमधून विचारते,
हिला शाळेत कधी घालायचं?
धन. मग ऋण.
इंजिन थरथरतं, धरतं.
लुवसान मागे जाऊन उभा राहतो,
हातमोजा काढतो,
आणि त्या पांढऱ्या वाफेत
हात धरून ठेवतो थोडा वेळ.