उपयोगिता प्रमाणपत्र

फाइल माझ्या टेबलावर आली फेब्रुवारीच्या शेवटी.
कोकण भवन, चौथा मजला, खाडी न दिसणारी खिडकी.
विषय : बोलीभाषा संवर्धन. आगरी शब्दसंग्रह. दुसरा हप्ता.
रक्कम एक लाख चाळीस हजार,
शब्द एक हजार एकशे सहा.
सवयीने भागाकार केला :
शब्दाला एकशे सव्वीस रुपये अठ्ठावन्न पैसे.
समासात लिहिलं, दर जास्त वाटतो.

मग त्रुटी काढल्या. त्रुटी काढण्याचाच पगार आहे मला.
चहाची बिलं छापील नाहीत.
मानधनाच्या एका पावतीवर सही नाही, अंगठाही नाही,
नुसतं लिहिलंय : बाई पैसे घेत नाहीत.
पाण्याच्या चढउताराला इतके शब्द का?
भरती आणि ओहोटी, दोन पुरावेत.

दीपेश घरत येऊन उभा राहिला.
दिवसा कुरियर वाटतो, रात्री शब्द.
म्हणाला, साहेब, भांगाचं पाणी वेगळं, उधानाचं वेगळं,
एकाच नावानं हाक मारली तर जाळं रिकामं येतं.
मी म्हटलं, कलम नऊ वाचा. प्रत्यक्ष पडताळणी.

म्हणून एका शनिवारी गोठिवलीत.
चार मजल्यांची घरं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून,
मध्ये स्कूटर जाईल एवढंच आभाळ.
घर नंबर विचारला तर कुणाला सांगता येईना,
चांगुणा मढवी म्हटल्यावर तीन पोरं पुढे धावली.

म्हातारी लसूण सोलत होती.
फाइलकडे बघितलं, माझ्याकडे नंतर.
'जमीन मोजाला आयलेले, तवा पन असाच येक जन आयलता,
फाइल घेऊन. त्याच्याकडं साखली होती.
तू शबुद कशान मोजतंस?'

मी यादी काढली. आढळला, आढळला नाही,
दोन रकाने.
सुकती म्हटलं की ती हाताने पाणी मागे सारायची.
निवटी म्हटलं की बोटं फरशीवर उड्या मारत पळायची.
जिताडा म्हटल्यावर गप्प झाली,
मग किंमत सांगितली, आजच्या बाजाराची, चिडून.
खांड म्हटल्यावर उठलीच.
'चल, दाखवतंय.'

गल्ली संपली, रस्ता ओलांडला,
एक लांब पांढरी भिंत, आत यंत्रं, वर कॅमेरे,
बाहेर वॉचमन, तो बिहारचा.
म्हातारीने भिंतीवर काठी टेकवली. 'हितं.
हितं बांद फुटलेला. आख्खा गाव रातभर चिखल टाकत व्हता.
भिंतीमागं हाये अजून. लिव.'

कुठल्या रकान्यात लिहू?
शब्द आढळला. वस्तू आढळली नाही.
अशा बाबीला नियमांत तरतूद नाही.

परत येताना ती सहज म्हणाली,
उघाडीवर तुझ्यासारखाच येक किडका मानूस बसवलेला,
फली कवा उचलाची त्याला बराबर कलाचं.
मी थांबलो.
उघाडी. पेणकडे माझा आजोबा तेच करायचा :
सुकतीला फळी वर, गोडं पाणी बाहेर,
भरतीला फळी खाली, खारं पाणी बाहेरच.
चाळीस वर्षं हा शब्द माझ्या तोंडात आला नव्हता.
यादी दोनदा चाळली. उ मध्ये नाही.

पावतीवर अंगठा द्या म्हटलं तर हसली.
'देव पावतंय, तो पावती मागतंय का?'

सोमवारी शेरे मागे घेतले, चहाचा सोडून.
हप्ता एकतीस मार्चच्या आत जमा झाला,
चारशे बारा रुपये अखर्चित, चलनाने परत.

उघाडी घालायची तर शब्द होतात एक हजार एकशे सात.
मग सुधारित प्रस्ताव, सुधारित मंजुरी, नवं वर्ष.
मी तो टिपणीच्या कडेला पेन्सिलीने लिहिला.
पेन्सिल चालत नाही आमच्याकडे.
वरच्या साहेबांनी अजून खोडलेला नाही.