तीस सेकंद

दिवसातून चार वेळा मी शहराला सांगते,
कचरा गटारात टाकू नका.
सकाळी साडेसहाला, बातम्यांच्या आधी,
मागे ढोलाचा ठोका, मध्ये माझं हसू,
शेवटी खात्याचं नाव जरा घाईत.
एकाच दुपारी मुद्रण केलं होतं.
लासिसी म्हणाला होता, अयोका, आवाजात आई आण.
मी आणली.

इबादानच्या गंजक्या पत्र्यांवरून ती आई
घरंगळत उतरते,
न्हाव्याच्या दुकानात, टॅक्सीच्या फुटक्या काचेतून,
जनरेटरच्या धडधडीवर चढून बोलते.
लोक ऐकतात. मला माहीत आहे, ऐकतात:
शाळेत जाणारी पोरं हुबेहूब माझी नक्कल करतात
आणि बिस्किटाचा कागद हातातून सुटू देतात,
सुटेल तिथे.

आमच्या गल्लीत गाडी गुरुवारी यायची.
कुठल्या गुरुवारी, ते ठरलेलं नव्हतं.
पावती मात्र दर महिन्याला, निळ्या शाईत.
आभाळ भरून आलं की शेजारणी टोपल्या घेऊन दारात उभ्या,
नळावर हंडा घेऊन उभं राहावं तशा.
उताराला लोंढा लागला की उपडं करायचं,
पाणी फुकट नेतं.
कुठे नेतं? खाली.
खाली कोण राहतं,
हे वर राहणाऱ्यांनी कधी विचारलंय?

मी तसलं करत नाही. मी शिकलेली.
मी काळ्या पिशवीला दोन गाठी मारते
आणि रात्री अकराला, मोलेतेच्या दुभाजकावर,
जिथे आधीच चाळीस पिशव्या बसल्यात,
एक्केचाळिसावी हळूच टेकवते,
झोपलेलं मूल ठेवावं तशी.

बुधवारी इया सिकिरा उशिरापर्यंत तळत होती.
कढईत अकारा, पायाशी रेडिओ,
रेडिओत मी.
पिशवी धरून उभी होते तीही मीच.
तीस सेकंद इतके लांब असतात
हे स्टुडिओत कधी कळलं नव्हतं.
तिनं झारा निथळला,
पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
म्हणाली, बाई बोलते गोड.
पण गाडी कधी येते तेवढं सांगेल
तर रोज चार अकारा फुकट देईन तिला.

पिशवी घेऊन घरी आले.
रात्रभर ती स्वयंपाकघरात होती,
येमच्या सालांचा, माशाच्या डोक्यांचा वास.
माझाच, पण ओळख नव्हती.

सकाळी थेट प्रसारण. कागद पुढ्यात.
उचलायची जीभ आणि लावायची टाळ्याला,
अकरा वर्षांची सवय.
मी म्हणाले, आज गुरुवार.
तुमच्याकडे गाडी आली का? फोन करा.
काचेपलीकडे लासिसीनं दोन्ही हात हलवले.

ओके-अडोचे एक आजोबा: फेब्रुवारीपासून नाही.
एक मुलगी: आली होती, पण आम्ही झोपलो होतो.
एकानं माझं लग्न झालंय का विचारलं.
टेकडीवरचे एक गृहस्थ: आमच्याकडे आठवड्यातून दोनदा येते,
लोकांनाच शिस्त नाही, हे छापा,
म्हणजे, हे बोला.

मग एक बाई. नाव सांगितलं नाही.
मागे फडा फिरल्याचा आवाज.
आम्ही खाली राहतो, म्हणाली.
दुभाजकावरचंसुद्धा पावसात आमच्याकडेच येतं.
काल एक पावती आली वाहून, निळ्या शाईची.
नाव पुसलंय.
घर क्रमांक वाचता येतो.
वाचू का?

लासिसीनं जाहिरात लावली.
ढोलाचा ठोका.
माझं हसू.