दोन बोटं

पहाटे साडेचारला अल ऐनच्या पागेत
पंखे पाण्याचा धूर सोडतात.
मी खरारा हातात घेतो.
गदीर एकच कान माझ्याकडे वळवते,
दुसरा अजून झोपेत.

रंग कुमैत.
हा शब्द मी तापीकाठाहून आणला,
तर मौझा हसली, म्हणाली, आमचाच की हा.
लगामही त्यांचा, रिकीबही.
म्हणजे शब्द केव्हाच समुद्र ओलांडून आले होते गावात;
मी उलट निघालो, उशिरा,
दोन वर्षांच्या व्हिसावर.

नाकपट्टा बांधला की मौझा त्याखाली
दोन बोटं सारते, नाकाच्या हाडावर.
"भाईदास, आता तू."
माझी बोटं जाड,
म्हणून पट्टा आणखी एक भोक सैल.
घोडीला चघळता यावं, जांभई देता यावी,
जीभ निळी पडू नये.
मग छातीला ठोके मोजणारा पट्टा,
मग वाळूचं मैदान,
आणि मौझाची टाच, माशी बसावी इतकी.
गदीर पाय उचलते.
त्याच क्षणी टाच नाहीशी.
क्षणभर उशीर झाला, तर म्हणे
आपण भलतंच काही शिकवून बसतो.

कठड्याशी मी वही घेऊन उभा:
शेपूट किती वेळा झटकली,
तोंड कधी उघडलं,
डोळ्याचं पांढरं कुठल्या वळणावर दिसलं.
सातवी पास माणसाच्या अक्षरात
एका घोडीची नापसंती,
तारीखवार.

बा घोडी नाचवायचा.
लग्नात, जत्रेत, हलगीवर.
चारी पायांत चाळ, आणि गुडघ्याखाली
वेताची काडी. टक.
पाय उंच. टक.
लोक नोटा ओवाळायचे, म्हणायचे,
जनावराला ताल काय आहे बघा!
रात्री मी तिच्या नळ्यांना हळद-तेल लावायला बसे,
ती पाय काढून घ्यायची.
ते कुणी कुठे लिहिलं नाही.

फेब्रुवारीत स्पर्धा.
जागच्या जागी दुडकी, बारा पावलं.
सातव्या पावलाला झेंडा फडाडला कुठेतरी,
गदीरचे कान मागे, पाठ ताठ.
मौझाच्या बुटाला लोखंडी काटा होता.
तो होता तिथेच राहिला.
तिने लगाम लांब सोडला,
मानेवर हात ठेवला, आणि घोडी चालत राहिली,
साधी, बाजाराला निघाल्यासारखी.

त्या दुडकीला परीक्षकांचे तीन गुण.
मौझाचे मामा, घोडीचे मालक,
चष्मा पुसत म्हणाले,
"थोडं आवळलं असतं तर..."
आणि पुसतच राहिले.

रात्री बाचा फोन.
"नाचली का?"
"सात पावलं."
"मग?"
"मग नको म्हणाली."
पलीकडे खोकला. खाटेची करकर.
"असं म्हणतात होय घोड्या?"
मला उत्तर येत होतं. दिलं नाही.
म्हातारा माणूस, आणि पैसे लागत होते मिनिटाचे.

फोन ठेवून पाय धुवायला गेलो.
गदीरने पुढचा पाय आपणहून उचलून
माझ्या ओंजळीत दिला.
मी दोन बोटं नळीवरून खाली नेली,
सावकाश, खुरापर्यंत.
ओलं केस, थंड हाड.
कुठेच काही लागलं नाही हाताला.